रॉक अँड रोलचा ठेका कुणाचा?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रॉक अँड रोलच्या जन्मावर पानभर लेख आला. मांडणी देखणी होती, अर्ध्या पानावर एल्विस प्रेस्लीचा फोटोही होता. लेखाचा सगळा रोख असा, की ५ जुलै १९५४ ला मेम्फिसमधल्या सन रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत एल्विसनं 'दॅट्स ऑल राइट' म्हटलं आणि रॉक अँड रोल जन्माला आलं. माझं सगळं आयुष्य ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवण्यात गेलं. त्यामुळे कुठलीही रेकॉर्ड लागली की माझा कान आधी गायकाच्या मागे जातो. या रेकॉर्डवर ड्रम कोण वाजवतंय म्हणून ऐकायला जावं, तर कुणीच वाजवत नाही! एल्विसची साधी गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा बास, एवढीच साथ. बिल ब्लॅक बासची तार ओढून पट्टीवर आपटतो आणि त्या 'टक्‌ टक्‌' आवाजावर सगळं निभावून नेतो. फार छान निभावतो, यात वाद नाही. पण ज्या संगीतानं सगळ्या जगाला ड्रमच्या ठोक्यावर नाचवलं, त्याची जन्मतारीख म्हणून ड्रमच नसलेली रेकॉर्ड दाखवायची, हे मला तरी पचलं नाही.

त्यातही गंमत अशी, की हेच गाणं आर्थर 'बिग बॉय' क्रूडप या मिसिसिपीकडच्या ब्लूज गायकानं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) १९४६ मध्ये शिकागोत रेकॉर्ड केलं होतं. गाणं त्याचंच. आणि त्याच्या रेकॉर्डवर ड्रम आहेत, जज रायली नावाच्या वादकाचे. दोन्ही रेकॉर्ड्स लागोपाठ ऐका. एल्विसचा वेग जास्त आहे, गळा तरुण आहे, अंगात वारं शिरल्यासारखा गातो. तो मोठाच गायक होता, मी त्याला लहान करायला बसलेलो नाही. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे. ते गोऱ्या ग्रामीण संगीतातल्या बिल मन्रोचं मूळ गाणं तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये होतं. या तिघांनी ते उचलून चार मात्रांत पळवलं. ही करामत त्यांचीच, आणि ती आपल्या लेखात यायला हवी होती. पण 'जन्म' हा शब्द वापरला की आईबाप, आजा-पणजा कोण, हे विचारावंच लागतं.

थोडं ठेक्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. चार मात्रा मोजा. जुन्या नाचाच्या संगीतात वजन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर असतं. रॉक अँड रोलमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा सणसणीत फटका बसतो. यालाच बॅकबीट म्हणतात. दुसरी गोष्ट मात्रेच्या पोटातली. एका मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवला, की झुलती चाल तयार होते, तो शफल. त्याच मात्रेचे दोन सारखे भाग केले, की चाल सरळ होते. चार मात्रांत सरळ आठ ठोके पडतात आणि गाणं झुलायचं सोडून धावायला लागतं. बॅकबीट आणि हे सरळ आठ एकत्र आले की आपण ज्याला रॉकचा ठेका म्हणतो तो तयार होतो. आता हा ठेका रेकॉर्डवर पक्का कुणी केला असं विचारलंत, तर माझं बोट न्यू ऑर्लिन्सच्या अर्ल पामरकडे जाईल. आपल्या लेखात या माणसाचं नाव एकदाही आलेलं नाही.

पामरचा जन्म १९२४ चा. लहानपणी तो रंगमंचावर टॅप डान्स करायचा. ड्रमरच्या हातात येण्याआधी लय त्याच्या पायात आली होती, आणि ते त्याच्या वाजवण्यात ऐकू येतं. न्यू ऑर्लिन्सला कोझिमो मटासा नावाच्या माणसानं रेकॉर्डच्या दुकानामागच्या छोट्याशा खोलीत जे अँड एम हा स्टुडिओ थाटला होता. मोजके मायक्रोफोन, सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबर १९४९ मध्ये याच खोलीत पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनोनं 'द फॅट मॅन' रेकॉर्ड केलं. डेव्ह बार्थोलोम्यूचा संच आणि ड्रमवर पामर. गाण्याची चाल 'जंकर ब्लूज' या जुन्या ब्लूजवर बेतलेली. पण पामरनं त्यात एक गोष्ट केली. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जाझमध्ये दुसऱ्या-चौथ्यावरचा तो जोरदार फटका शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवायची पद्धत होती. सगळे वादक मिळून रंगात आले की ड्रमर तो उघडायचा. पामरनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून धरला. म्हणजे भैरवीला राखून ठेवायचा जोर त्यानं नांदीलाच ओतला.

पुढं सहा वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, त्याच खोलीत लिटल रिचर्ड हा गायक आला. कॅलिफोर्नियाच्या स्पेशल्टी कंपनीसाठी निर्माता बम्प्स ब्लॅकवेल रेकॉर्डिंग करत होता आणि काही केल्या मनासारखं जमत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मंडळी ड्यू ड्रॉप इन या क्लबमध्ये गेली. तिथं पियानो दिसताच रिचर्ड त्यावर बसला आणि कार्यक्रमात म्हणायचा ते एक चावट गाणं त्यानं बेभान होऊन सुरू केलं. ब्लॅकवेलला हवं होतं ते मिळालं. डोरोथी लाबॉस्ट्री या मुलीला बसवून त्यानं शब्द धुवून घेतले आणि स्टुडिओची वेळ संपता संपता 'टुटी फ्रुटी' रेकॉर्ड झालं. दुसऱ्या पियानोवाल्याला शिकवायला वेळच नव्हता, म्हणून पियानोवर रिचर्डच राहिला.

हे 'रिचर्डच राहिला' फार महत्त्वाचं आहे. त्याचा उजवा हात पियानोवर सरळ आठ ठोके धाडधाड वाजवत होता. पामर मात्र शफलमध्ये मुरलेला. एकजण धावतोय, दुसरा झुलतोय. 'टुटी फ्रुटी' कान देऊन ऐकलंत तर ही ओढाताण अजून ऐकू येते. पियानो एकीकडे ताणतो, ड्रमची झांज अजून थोडी डुलते, आणि त्या घर्षणातूनच गाण्याला धग येते. मग रिचर्डच्या पुढच्या रेकॉर्ड्समध्ये ड्रमही सरळ होत गेले. रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवून घ्यायचं म्हणून आपण तसं वाजवायला लागलो, असं पामरनं पुढं स्वतःच सांगितलं आहे. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मी बरेचदा मनात वाजवून पाहिलंय. बहुतेक गायकाला म्हटलं असतं, "जरा लयीत ये." पामर तसं म्हणाला नाही, हे संगीतावर उपकार झाले.

बरं, हा बॅकबीटही पामरनं आकाशातून आणला नाही. वसाहतींच्या काळात गुलामांच्या हातातले ढोल गोऱ्या मालकांना धोक्याचे वाटत. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनोचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्यानं गुलामांना ढोल वाजवायला बंदी केली. ढोल गेले. हात आणि पाय कुणाला काढून घेता येतात? टाळ्या आणि लाकडी जमिनीवर आपटलेले पाय यांतून लय जिवंत राहिली आणि प्रार्थनेत शिरली. कृष्णवर्णीयांच्या होलीनेस आणि पेंटेकॉस्टल चर्चमध्ये दुसऱ्या-चौथ्यावरची टाळी आजही ऐकायला मिळते. न्यू ऑर्लिन्सची गोष्ट थोडी निराळी. तिथं काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात एकोणिसाव्या शतकातही रविवारी गुलाम उघडपणे ढोल वाजवत आणि नाचत. शिवाय बंदर असल्यामुळे क्युबाची लयही त्या शहरात पोचलेली. पामर याच शहरात वाढला, हा मला योगायोग वाटत नाही.

चर्चचा विषय निघालाच आहे तर सिस्टर रोझेटा थार्पचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आर्कान्सातल्या कॉटन प्लांट गावची ही बाई १९१५ ची. आईबरोबर चर्चमध्ये गात लहानाची मोठी झाली. देवाची गाणी आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार! १९४४ मध्ये तिनं सॅमी प्राइसच्या पियानोवर 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' रेकॉर्ड केलं. शब्द धार्मिक, पण मागे पियानो बूगी वाजवतोय आणि मधल्या जागेत तिची गिटार अशी कडाडते की पुढच्या दशकातले सगळे गिटारवाले त्यात आधीच दिसतात. १९४५ मध्ये ही रेकॉर्ड कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. एल्विस तेव्हा दहा वर्षांचा होता. आपल्या लेखात तिच्यासाठी एक ओळ आहे, 'गॉस्पेल गायिका' अशी. गिटारचं नावही नाही!

बूगी म्हणजे पियानोवाल्याच्या डाव्या हाताची मजुरी. ब्लूजचा साचा बारा मापांचा (एक माप म्हणजे चार मात्रा), तीनच स्वरमेळांवर फिरणारा. त्यावर डावा हात एकच आकृती न थकता गिरवत राहतो आणि उजवा हात वर खेळतो. लाकूडतोड्यांच्या छावण्यांत आणि दारूच्या अड्ड्यांत एकट्या पियानोवाल्याला सगळ्या संचाचं काम करावं लागायचं, त्यातून ही शैली घडली. पाइनटॉप स्मिथची रेकॉर्ड १९२८ ची. पुढं १९३८ च्या डिसेंबरमध्ये अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आले आणि मग देशभर बूगीची लाटच आली. पीट जॉन्सनबरोबर तेव्हा गायला होता बिग जो टर्नर. याच टर्नरनं १९५४ मध्ये 'शेक, रॅटल अँड रोल' गायलं, आणि ते जेसी स्टोननं लिहिलं. लेखात ते बिल हॅली या गोऱ्या गायकाच्या नावावर आहे. हॅलीनं शब्द सोज्वळ करून ते त्याच वर्षी पुन्हा गायलं, एवढंच.

आता दुसऱ्या महायुद्धानंतरचा हिशेब. तो मला ऑर्केस्ट्रावाला म्हणून चटकन कळतो. पंधरा-वीस वादकांचा बिग बँड फिरवायचा म्हणजे प्रवास, जेवण, मुक्काम आणि वर प्रत्येकाचे पैसे. शिवाय १९४४ पासून अमेरिकेत नाचगाण्याच्या जागांवर भारी कर बसला. मोठे संच मोडायला लागले. अशा वेळी लुई जॉर्डन मोजक्या वादकांनिशी उभा राहिला. नाव टिम्पनी फाइव्ह, माणसं कधी पाच, कधी जास्त. सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, बास, ड्रम, आणि पुढं गिटार. कमी माणसांत बिग बँडइतका दणका द्यायचा म्हणजे लय घट्ट हवी आणि आवाज चढा हवा. तीच जम्प ब्लूजची रीत झाली. 'कॅल्डोनिया' १९४५ चं, 'चू चू चबूगी' १९४६ चं. त्याच्या अनेक रेकॉर्ड्सचा निर्माता मिल्ट गॅब्लर. १९५४ मध्ये बिल हॅलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड करायला बसला तो हाच गॅब्लर. जॉर्डनचा एक गिटारवादक होता कार्ल होगन. १९४६ च्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन' मध्ये सुरुवातीला त्यानं वाजवलेला तुकडा ऐका आणि मग गायक-गिटारवादक चक बेरीच्या १९५८ च्या 'जॉनी बी. गुड' ची सुरुवात ऐका. मी वेगळं काही सांगायची गरज उरणार नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे एकच गाणं, 'गुड रॉकिंग टुनाइट'. रॉय ब्राउननं ते लिहिलं आणि वायनोनी हॅरिसला गायला दिलं. हॅरिसनं ते झिडकारलं. मग ब्राउननं १९४७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, परत त्याच मटासाच्या स्टुडिओत, ते स्वतः गायलं. ते चाललेलं पाहून हॅरिसला जाग आली आणि त्यानं सिनसिनाटीच्या किंग कंपनीसाठी ते गायलं. १९४८ मध्ये त्याची रेकॉर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ब्राउनचं गाणं ब्लूजमध्ये झुलतं, आवाज चर्चच्या गायकासारखा लांबवर जातो. हॅरिसच्या रेकॉर्डवर मात्र मागे टाळ्या पडतात, दुसऱ्या आणि चौथ्यावर! चर्चमधली टाळी नाचाच्या हॉलमध्ये अशी येऊन बसली. तेच गाणं १९५४ च्या सप्टेंबरमध्ये एल्विसनं सनसाठी गायलं, त्याची दुसरी रेकॉर्ड. तीन गायक, सात वर्षं. तिन्ही रेकॉर्ड्स एकामागून एक लावल्या की रॉक अँड रोल कसं घडत गेलं ते कान उघडून दाखवायला दुसऱ्या गुरूची गरज नाही.

गोऱ्या ग्रामीण संगीताचा वाटा मी विसरलेलो नाही. बॉब विल्सनं टेक्सासकडे फिडलमध्ये स्विंग घातला, डेलमोर बंधूंनी १९४६ मध्येच गिटारवर बूगी वाजवली. चक बेरीनं तर विल्सच्या 'आयडा रेड' वरून १९५५ मध्ये 'मेबलीन' केलं. काळा गायक गोऱ्यांच्या चालीवर, गोरा गायक काळ्यांच्या चालीवर. रेकॉर्ड कंपन्यांच्या याद्या वर्णानुसार वेगळ्या होत्या, रेडिओवर मात्र कुणी काय ऐकावं याला पहारा नव्हता. क्लीव्हलंडला अॅलन फ्रीड १९५१ पासून रात्री काळ्या गायकांच्या रेकॉर्ड्स लावायचा आणि गोरी पोरं अंथरुणात रेडिओ घेऊन ऐकायची. २१ मार्च १९५२ ला त्यानं नाचाचा कार्यक्रम ठेवला, तर हॉलच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट गर्दी लोटली आणि कार्यक्रम बंद करावा लागला. फ्रीडचं हे श्रेय त्याला द्यावं. मात्र 'मेबलीन' च्या गीतकारांत त्याचंही नाव लागलं होतं. त्यानं त्यातला एक शब्दही लिहिलेला नव्हता, गाणं रेडिओवर वाजवावं म्हणून कंपनीनं दिलेला तो वाटा होता.

पैशाचं चित्र सगळीकडे साधारण असंच होतं. 'टुटी फ्रुटी' लिटल रिचर्डचं, पण गोऱ्या पॅट बूनचं गुळगुळीत रूप पॉपच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेलं आणि रिचर्डचं सतराव्या. क्रूडपला हक्काच्या मानधनासाठी म्हातारपणापर्यंत भांडावं लागलं. १९५५ च्या अखेरीस एल्विसचा करार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीनं पस्तीस हजार डॉलर्सना विकत घेतला. वादकांचं तर विचारूच नका. पामरसारखे लोक ठरलेला मेहनताना घेऊन घरी जात. लाखो रेकॉर्ड्स खपल्या तरी त्यात त्यांचा वाटा नसे आणि तबकडीवर नावही नसे.

पहिली रेकॉर्ड कुठली, यावर लेखात चौकट आहे. तिच्यात 'रॉकेट ८८' चं नाव आहे, ते योग्यच. पण ती 'जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचा संच' यांची, असं छापलं आहे. तबकडीवर तसंच होतं म्हणा, पण संच आयक टर्नरचा, ब्रेन्स्टन त्यात सॅक्सोफोन वाजवायचा आणि हे गाणं त्यानं गायलं. मार्च १९५१ मध्ये मेम्फिसला, पुढं सन रेकॉर्ड्स काढणाऱ्या सॅम फिलिप्सकडेच ते रेकॉर्ड झालं. विली किझार्टच्या गिटारचा अँप्लिफायर वाटेत बिघडला होता. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून तसाच लावला आणि त्याचा तो घरघरता आवाज फिलिप्सला आवडला. तेव्हा नशीब, की दुरुस्तीवाला मिळाला नाही!

पुढच्या भागात आपण साथीदारांवर लिहावं, ही विनंती. पामर, कार्ल होगन, चक बेरीच्या मागचा पियानोवाला जॉनी जॉन्सन, एल्विसकडे नंतर आलेला ड्रमर डी. जे. फोन्टाना, आणि गायक-गिटारवादक बो डिडलीच्या शेजारी मराकस (खुळखुळे) हलवणारा जेरोम ग्रीन, ज्याच्याशिवाय डिडलीचा ठेका पांगळा झाला असता. सगळ्यांची नावं आज सहज मिळतात.

आणि एक दुरुस्ती तेवढी छापा. पान दोनवर 'हाउंड डॉग' खाली 'एल्विस, १९५६' एवढंच आहे. हे गाणं लीबर आणि स्टोलर या दोन तरुणांनी बिग मामा थॉर्नटनसाठी लिहिलं. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला ती ते पहिल्यांदा गायली, आणि १९५३ मध्ये ती रेकॉर्ड कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. ड्रमवर जॉनी ओटिस.

आपला,
एक निवृत्त ड्रमवादक